नाव, नोंद आणि कुलूप



वसंत व्याख्यानमालेचा श्रोता हा मोठा सोशिक आणि चोखंदळ श्रोता असतो, असा आमचा अनुभव आहे. संतवाङ्मयापासून अर्थसंकल्पापर्यंत कोणताही विषय तो ऐकून घेतो. मात्र विषयाचा आपल्या जगण्याशी काय संबंध, हे वक्त्याने सांगितले पाहिजे, अशी त्याची रास्त अपेक्षा असते. म्हणून ते आधीच सांगतो. आजचा विषय इंटरनेटवरच्या नावांचा आहे. ही नावे एका हातातून दुसऱ्या हातात कशी जातात, ती चोरीला कशी जातात, त्यांना कोणती कुलपे लावता येतात आणि त्या कुलपांच्या किल्ल्या कोणाजवळ असाव्यात, एवढाच आजच्या विवेचनाचा आवाका आहे. पत्रिकेवर विषय वाचून 'ही संगणकवाल्यांची बाब' असे काहींच्या मनात आले असेल. पण ज्याचे बँकेत खाते आहे, ज्याचे दुकान आहे, जो एखाद्या वाचनालयाचा किंवा पतपेढीचा कार्यवाह आहे, ज्याच्या मुलाची पत्रे ई-मेलने येतात, त्या प्रत्येकाचा या नावांशी रोज संबंध येतो. नाव बिनचूक असेल तर आपण आपल्या बँकेत पोचतो; नाव दुसऱ्याच्या हाती गेले असेल तर आपण दुसऱ्याच्याच ओट्यावर पैसे मोजीत बसतो आणि आपल्याला ते कळतही नाही.

प्रथम नाव म्हणजे काय ते पाहू. संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत. म्हणून आकड्यांना नावे द्यावी लागली. प्रारंभी यंत्रे थोडी होती, तेव्हा नावांची एकच यादी कॅलिफोर्नियातील एका संशोधनसंस्थेत ठेवलेली असे आणि ज्याला हवी तो तिची प्रत आणीत असे. यंत्रे वाढली, यादी आवरेना. तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी नावांची आजची व्यवस्था आखली. तिच्यात सारी नावे एका यादीत नसतात. गाव, तालुका, जिल्हा अशी उतरंड असते आणि ज्याचे त्याचे दप्तर ज्याच्या त्याच्याकडे असते. 'डॉट कॉम' हे त्यातले एक मोठे दप्तर. त्यातील पहिली नोंद १५ मार्च १९८५ रोजी झाली. अशा नोंदलेल्या नावाला डोमेन म्हणतात.

आता हे दप्तर कसे चालते, ते आपल्याकडच्या परिचित दाखल्याने सांगतो. जमीन कोणाची, हे सातबाऱ्यावरून कळते. शेतकरी तीस वर्षे शेत कसत असला तरी उताऱ्यावर दुसऱ्याचे नाव लागले की त्याची झोप उडते. डोमेनचे तसेच आहे. तेथे तीन पक्ष असतात. पहिला धारक, म्हणजे ज्याच्या नावाने नोंद आहे तो. दुसरा रजिस्ट्रार, म्हणजे ज्याच्या दुकानातून आपण नाव घेतो आणि जो वर्षाचे पैसे घेऊन नोंद चालू ठेवतो तो. तिसरी रजिस्ट्री, म्हणजे मूळ दप्तर सांभाळणारी संस्था. डॉट कॉमचे मूळ दप्तर व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते. आपल्या देशाच्या डॉट इन या नावांचे दप्तर निक्सी ही संस्था सांभाळते. डॉट कॉमसारख्या सर्वसाधारण नावांचे नियम १९९८ साली स्थापन झालेली आयकॅन ही संस्था ठरवते. देशांच्या नावांचे नियम त्या त्या देशाच्या संस्था करतात. आणखी एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. हे नाव आपल्याला कायमचे मिळत नाही. ते मुदतीने मिळते, एका वेळी अधिकात अधिक दहा वर्षांसाठी, आणि मुदत संपली की नूतनीकरण करावे लागते.

दप्तरात एक ओळ बदलली की मालक बदलतो, याचा सर्वांत गाजलेला दाखला अमेरिकेतला आहे. गॅरी क्रेमेन या गृहस्थांनी १९९४ साली एक नाव नोंदले. त्या वेळी नोंदणी फुकट होती. नाव होते 'सेक्स डॉट कॉम'. अध्यक्षांनी क्षमा करावी. खटलाच त्या नावाचा आहे, त्याला आमचा इलाज नाही. क्रेमेन यांनी नाव घेतले आणि तसेच ठेवून दिले. ऑक्टोबर १९९५ मध्ये स्टीफन कोहेन नावाच्या इसमाने नोंदणी करणाऱ्या नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीला एक पत्र सादर केले. पत्र क्रेमेन यांच्याच 'ऑनलाइन क्लासिफाइड्स' या संस्थेकडून कोहेनला आलेले आहे, असा बहाणा होता. मजकूर असा, की आम्ही क्रेमेन यांना कामावरून काढले आहे, हे नाव आम्हांला नको आहे, ते कोहेन यांनी घ्यावे. आता गंमत पाहा. पत्र कागदी का, थेट ई-मेल का नाही, याचे कारणही पत्रातच दिले होते: आमच्या संस्थेकडे इंटरनेटची जोडणी नाही! संस्थेचे नाव 'ऑनलाइन', आणि तिला जोडणी नाही. हे वाचून एखाद्या कारकुनाच्या भुवया उंचावायला हव्या होत्या. पण कंपनीने क्रेमेन यांना एका शब्दाने विचारले नाही आणि नाव कोहेनच्या खात्यावर चढवले.

क्रेमेन न्यायालयात गेले. पत्र बनावट ठरले, नाव परत देण्याचा हुकूम झाला आणि कोहेनने साडेसहा कोटी डॉलर भरपाई द्यावी, असा निकाल २००१ साली लागला. तोवर कोहेनने पैसा परदेशी हलवला आणि स्वतः मेक्सिकोत पळून गेला. तो २००५ साली पकडला गेला. कोहेनकडून वसुली होईना, म्हणून क्रेमेन यांनी नोंदणी करणाऱ्या कंपनीलाच जबाबदार धरले. कंपनीचे म्हणणे असे, की नाव म्हणजे काही वस्तू नव्हे. मग ती दुसऱ्याला दिल्याचा दोष आमच्यावर कसा? अमेरिकेच्या नवव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने २००३ साली हे म्हणणे फेटाळले. न्यायमूर्ती कोझिन्स्की यांनी दाखला दिला तो जमिनीचाच: नाव नोंदणे हे जमिनीच्या तुकड्यावर आपला हक्क कचेरीत नोंदवण्यासारखे आहे. म्हणजे नाव ही मालमत्ता आहे आणि दुसऱ्याची मालमत्ता परस्पर देऊन टाकणाऱ्याला त्याचा जाब द्यावा लागेल. पुढे कंपनीने क्रेमेन यांच्याशी तडजोड केली.

या खटल्यावरून कोणालाही वाटेल, की मग दप्तर पक्के बंद करावे, नाव हलूच देऊ नये, म्हणजे चोरीचा प्रश्न मिटला. येथेच विषय अवघड होतो. कारण नाव हलवता येणे, ही धारकाची गरज आहे आणि त्याचा हक्कही आहे. १९९९ पर्यंत डॉट कॉमची नोंदणी एकाच कंपनीकडे होती. दर तिचा, रीत तिची, गिऱ्हाइकाला दुसरे दुकान नाही. त्या वर्षी नोंदणीचा व्यवसाय इतरांना खुला झाला आणि दर झपाट्याने उतरले. पण स्पर्धेचा उपयोग केव्हा? एका दुकानाचा कंटाळा आला तर दुसऱ्यात जाता आले, तर. मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, त्यामागचे तत्त्व आणि हे तत्त्व एकच. नाव तेच, नोंद सांभाळणारा नवा. यालाच डोमेनचे हस्तांतर म्हणतात.

हस्तांतराची वाट खुली होताच दोन बाजूंनी दोन प्रकारची माणसे तीवर येऊन बसली. एक प्रकार गिऱ्हाइके पळवणाऱ्यांचा. तुमच्या नावाची मुदत संपत आली आहे, त्वरित पैसे भरा, अशी सरकारी वाटावीत अशी पत्रे टपालाने येत. घाबरून पैसे भरणाऱ्याचे नाव त्याच्या नकळत दुसऱ्या दुकानात जाई. २००३ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा एका कंपनीविरुद्ध कारवाई केली. दुसरा प्रकार गिऱ्हाइके डांबून ठेवणाऱ्यांचा. गिऱ्हाईक जातो म्हणाले, की त्याच्या विनंतीला उत्तरच द्यायचे नाही. अथवा येणारी प्रत्येक विनंती न वाचता नाकारायची. दोघांच्याही मुखी भाषा मात्र गिऱ्हाइकाच्या हिताचीच असे.

नियम करणाऱ्यांपुढे मग एक पेच आला. नाव हलवण्याची विनंती नव्या रजिस्ट्रारकडून येते. जुन्याने त्यावर काहीच उत्तर दिले नाही, तर त्या मौनाचा अर्थ काय घ्यायचा? मौन म्हणजे नकार असे धरले, तर डांबून ठेवणाऱ्याचे फावते. मौन म्हणजे संमती असे धरले, तर चोराचे फावते. मधला रस्ता नाही. आयकॅनने १२ नोव्हेंबर २००४ पासून नवा नियम लागू केला. पाच दिवसांत जुन्या रजिस्ट्रारचे उत्तर आले नाही, तर संमती आहे असे समजून नाव हलवावे. मालकाची खरोखर इच्छा आहे की नाही, हे नव्या रजिस्ट्रारने आधीच लेखी खात्री करून घ्यावे, अशी जबाबदारी त्याच्यावर टाकली. नियमामागचा हेतू चांगला होता. अडकलेल्या गिऱ्हाइकाला सोडवायचे होते. आपल्याकडे फेरफाराची रीत काहीशी अशीच आहे. चावडीवर नोटीस लागते, संबंधितांना कळवले जाते, हरकतीला मुदत मिळते आणि हरकत आली नाही तर नोंद प्रमाणित होते. पण त्या रीतीचा सारा भार नोटिशीवर आहे, हे विसरता कामा नये. ज्याला विचारलेच नाही, त्याच्या मौनाला संमती म्हणणे ही शुद्ध थट्टा होय.

त्या थट्टेचा प्रत्यय दोनच महिन्यांत आला. न्यूयॉर्कमध्ये पॅनिक्स नावाची कंपनी आहे. ती १९८९ पासून लोकांना इंटरनेटची व ई-मेलची सेवा देते. त्या शहरातील ती सर्वांत जुन्या सेवांपैकी एक. १५ जानेवारी २००५, शनिवार. त्या दिवशी कंपनीच्या लक्षात आले, की 'पॅनिक्स डॉट कॉम' हे आपले नाव आपल्या हाती राहिलेले नाही. नोंद ऑस्ट्रेलियातील एका रजिस्ट्रारकडे गेली होती, नावाचे पत्ते इंग्लंडमधील यंत्रांकडे वळले होते आणि गिऱ्हाइकांची टपालपत्रे कॅनडाकडे चालली होती. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे तिला कसलीही पूर्वसूचना मिळाली नव्हती. हजारो गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार अनोळखी हातांत पडत होता. कंपनी फोन करून थकली. पण शनिवार-रविवार, कचेऱ्या बंद. मेलबर्नला सोमवार उजाडला, तेव्हा नाव परत वळवले गेले. तोवर कंपनीने आपल्या दुसऱ्या एका नावाचा आधार घेऊन गिऱ्हाइकांची कशीबशी सोय लावली होती. चौकशीत निघाले ते इतकेच, की नव्या रजिस्ट्रारच्या वतीने काम करणाऱ्या एका दलालाने मालकाची खात्री करून घेतलीच नव्हती. साखळीतील एकाने आपले काम केले नाही आणि मौनाच्या नियमाने उरलेले काम करून टाकले.

आयकॅनच्या सुरक्षा समितीने जुलै २००५ मध्ये अशा चोऱ्यांवर अहवाल काढला. कुलपांचे महत्त्व त्यातून पुढे आले. कुलूप म्हणजे काय, ते आता पाहू.

रजिस्ट्रीच्या दप्तरात प्रत्येक नावापुढे काही शेरे असतात. त्यांपैकी एक शेरा 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' असा असतो. हा रजिस्ट्रारने लावायचा. तो असेपर्यंत हस्तांतराची विनंती मूळ दप्तर आपोआप नाकारते. पाच दिवसांची वाट नाही आणि मौनाचा प्रश्नही नाही. आमच्या मते या साध्या शेऱ्याने वरचा पेच बराचसा सोडवला. मौनाचा अर्थ नकार की संमती, या वादात पडण्याचे कारणच उरत नाही. कारण मालकाने आपला नकार आधीच दप्तरात लिहून ठेवलेला असतो. जायचे असेल त्या दिवशी तो स्वतः कुलूप काढील. त्याच्या जोडीला एक परवलीचा संकेत असतो. त्याला ऑथ कोड म्हणतात. कुलूप निघाल्यावरही हा संकेत दिल्याशिवाय नाव हलत नाही. याखेरीज नवी नोंद झाल्यावर अथवा एकदा नाव हलवल्यावर ६० दिवसांत पुन्हा हलवण्यास रजिस्ट्रार नकार देऊ शकतो. मालकाचे नाव बदलल्यास ६० दिवसांची बंदी, हा नियम डिसेंबर २०१६ पासून आला. चोरीचा माल हातोहात लांबवला जाऊ नये, हा त्यामागील विचार. अलीकडे या साऱ्या नियमांचा फेरविचार झाला असून ६० ऐवजी ३० दिवस पुरेत, अशी सूचना पुढे आली आहे.

परंतु एका कुलपाने सर्व दारे बंद होत नाहीत. हस्तांतराचे कुलूप असले तरी नाव त्याच रजिस्ट्रारकडे राहून त्याचा पत्ता बदलता येतो. घर तुमचेच, पण दारावरची पाटी फिरवून येणारे लोक शेजारच्या वाड्यात पाठवले, तर घर असून काय उपयोग? २७ ऑगस्ट २०१३ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स' या वृत्तपत्राचे असेच झाले. सीरियन इलेक्ट्रॉनिक आर्मी म्हणवणाऱ्या टोळीने रजिस्ट्रारच्या एका दलालाचा पासवर्ड मिळवला आणि वृत्तपत्राच्या नावाचा पत्ता बदलला. वाचकांना काही तास आपले वृत्तपत्र दिसेना. त्याच दलालाच्या खात्यात आणखीही नावे होती. त्यांपैकी ज्यांना वरच्या प्रतीचे कुलूप होते, ती वाचली, असे त्या रजिस्ट्रारनेच नंतर जाहीर केले.

हे वरच्या प्रतीचे कुलूप म्हणजे रजिस्ट्री लॉक. ते रजिस्ट्रारच्या दुकानात लागत नाही. ते मूळ दप्तरातच लागते. ते असले की हस्तांतर, पत्ता बदलणे आणि नोंद पुसणे, तिन्ही बंद. ते काढायचे तर रजिस्ट्रारच्या नेमलेल्या माणसाने मूळ दप्तराशी स्वतंत्र संपर्क साधून आपली ओळख पटवावी लागते. बँकेच्या लॉकरला जशा दोन किल्ल्या लागतात, एक आपली आणि एक बँकेची, तशी ही योजना आहे. एका पासवर्डाची चोरी तेथे पुरी पडत नाही. त्यासाठी जादा पैसे मोजावे लागतात. चहाच्या दुकानाला त्याची गरज नाही; पण बँकेने, वृत्तपत्राने, इस्पितळाने तो खर्च टाळणे म्हणजे तिजोरी घेऊन कडी न लावणे होय.

इतके ऐकल्यावर कुलपे लावली की झोपावे, असा समज होईल. त्यावर एक दाखला देतो. पर्ल नावाची एक संगणकभाषा आहे. तिच्या चाहत्यांचे 'पर्ल डॉट कॉम' हे नाव १९९४ पासूनचे. जानेवारी २०२१ च्या अखेरीस ते एकाएकी परके झाले. त्या मंडळींनी मागाहून घडामोडींचा माग काढून जे मांडले, ते असे: चोरांनी सप्टेंबर २०२० मध्येच बनावट कागदपत्रांच्या जोरावर खात्याचा ताबा मिळवला असावा. मग ते थांबले. बंदीचे ६० दिवस त्यांनी शांतपणे जाऊ दिले. डिसेंबरात नाव चीनमधील रजिस्ट्रारकडे नेले. पत्ता मात्र तोच ठेवला, त्यामुळे कोणाला संशय आला नाही. जानेवारीत ते जर्मनीतील रजिस्ट्रारकडे नेले आणि मग पत्ता बदलला. फेब्रुवारीच्या प्रारंभी नाव परत मिळाले. पण तेथे त्या मंडळींची जगभर ओळख होती, म्हणून मिळाले. कुलूप वेळ मिळवून देते. त्या वेळात मालकाने दप्तर पाहिलेच नाही, तर तो वेळ चोराच्याच कामी येतो.

आता कुलपाची दुसरी बाजू. आमच्या मते आपल्या गावच्या संस्थांना चोराहून तिचाच धोका अधिक आहे. जे कुलूप चोराला बाहेर ठेवते, तेच मालकालाही आत कोंडू शकते. सर्व काही किल्ली कोणाजवळ आहे यावर. एखादे वाचनालय संकेतस्थळ काढायचे ठरवते. कार्यकारिणीत कोणाला त्यातले कळत नाही. एखादा हुशार तरुण किंवा जवळचा व्यावसायिक काम अंगावर घेतो, स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या कार्डाने, बहुधा स्वतःच्याच नावे डोमेन नोंदवतो. त्याच्या मनात वाईट काही नसते. तेच त्याला सोयीचे असते. पाच वर्षे सुरळीत जातात. मग तो पुण्याला किंवा परदेशी जातो, फोन उचलत नाही, अथवा पैशावरून वितुष्ट येते. वाचनालयाच्या पावत्यांवर, पाटीवर, सभासदांच्या कार्डावर ते नाव छापलेले असते आणि दप्तरात मात्र धारक म्हणून वाचनालय कोठेच नसते. कुलूप लागलेले असते, अगदी नियमाप्रमाणे. किल्ली दुसऱ्याच्या खिशात असते.

येथे नियम काय सांगतो, ते माहीत असणे फार महत्त्वाचे आहे. आयकॅनच्या नियमाप्रमाणे धारकाने मागितल्यावर रजिस्ट्रारने पाच दिवसांत कुलूप काढून ऑथ कोड दिला पाहिजे, किंवा धारकाला ते स्वतः करता येईल अशी सोय तरी दिली पाहिजे. नकाराची कारणे मोजकी आहेत: फसवणुकीचा पुरावा, न्यायालयाचा हुकूम, मालकीचा वाद, झालेल्या मुदतीची थकबाकी, ६० दिवसांची बंदी, अशी. पुढील वर्षाचे पैसे भरले नाहीत, हे कारण चालत नाही. जाऊ नका, आम्ही दर कमी करतो, असे सांगत दिवस काढणे, हेही चालत नाही. म्हणजे धारकाला जाण्याचा हक्क आहे. परंतु हा हक्क धारकाला आहे, वापरणाऱ्याला नाही. दप्तरात ज्याचे नाव, तो धारक. वाचनालयाने पंधरा वर्षे नाव वापरले असले तरी दप्तर त्या तरुणालाच ओळखते. संस्थेला मग न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि तेथील कालमान आपण सर्व जाणतोच.

आपल्या देशातही या नावांचे महत्त्व वाढत चालले आहे. २०१४ साली 'डॉट भारत' हे देवनागरी नाव खुले झाले आणि मराठीतही डोमेन नोंदता येऊ लागले. २०२५ साली रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी 'बँक डॉट इन' हे खास नाव ठरवून दिले. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या नागरी सहकारी बँकांसह सर्व बँकांनी त्या नावाखाली यावे, असा आदेश निघाला. त्याची नोंदणी हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेमार्फत होते. येथे सुरक्षेसाठी दुकान बदलण्याची मोकळीक सोडून दिली आहे. बँकांपुरता तो सौदा आम्हांला योग्य वाटतो. कारण तेथे लोकांची ठेव पणाला लागलेली असते आणि नोंदणी करणारी संस्था नफ्यासाठी बसलेली नाही. पण तोच नियम सर्व नावांना लावावा, असे कोणी म्हणेल, तर आम्ही विरोध करू. १९९९ पूर्वीची एका दुकानाची रीत जगाने पाहिली आहे. क्रेमेन यांचे नाव याच एकमेव दुकानातून, एका कागदावर, दुसऱ्याला दिले गेले होते, हे ध्यानात ठेवावे.

मग आपण काय करावे? घरी गेल्यावर आपल्या दुकानाच्या, संस्थेच्या, पतपेढीच्या नावाची नोंद काढून पाहावी. हे फुकट पाहता येते. आजकाल व्यक्तींची नावे पुष्कळदा झाकलेली असतात; तसे असल्यास खाते उघडून आतली नोंद पाहावी. धारक म्हणून संस्थेचे नाव आहे ना, हा पहिला प्रश्न. नसेल तर आज संबंध गोड आहेत तोवर ते बदलून घ्यावे. दुसरे, रजिस्ट्रारच्या खात्याला जोडलेला ई-मेलचा पत्ता कोणाचा आहे? तो त्याच डोमेनवरचा असू नये. पॅनिक्सचे नाव गेले तेव्हा त्याच्याबरोबर टपालही गेले, हे आठवावे. घराची किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेण्यासारखे ते आहे. तिसरे, खात्याला पासवर्डखेरीज दुसरी खूण, म्हणजे ओटीपीसारखी सोय, लावलेली आहे काय? चौथे, हस्तांतराचे कुलूप लागलेले आहे काय? आणि ऑथ कोड कोणीही फोनवर मागितला तरी देऊ नये. पाचवे, मुदत केव्हा संपते, ही तारीख कार्यवाहाच्या डोक्यात न ठेवता सभेच्या इतिवृत्तात लिहावी. वर्षातून एकदा, वार्षिक सभेपूर्वी, हिशेब तपासतो त्याच वेळी हेही तपासावे. चोरी झाली तरी ती आठवड्यात उमगली, तर नाव परत येण्याची आशा पुष्कळ असते; वर्षाने उमगली, तर नाव चार हातांतून गेलेले असते.

यात संगणकशास्त्र फारसे नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. हे दप्तर नीट ठेवण्याचे काम आहे, आणि दप्तर ठेवण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. ज्या सहकारी संस्थांनी या महाराष्ट्रात शंभर वर्षे सभासदांच्या पै-पैचा हिशेब ठेवला, त्यांना एका ओळीची नोंद सांभाळणे जड जाऊ नये. अडचण एवढीच, की ही ओळ आपल्या कपाटातल्या वहीत नाही, म्हणून ती आपली वाटत नाही आणि ती पाहण्याचे काम आपण दुसऱ्यावर सोपवतो.

आमचे सांगणे थोडक्यात असे. नाव हलवण्याची मोकळीक आणि नाव न हलण्याची शाश्वती, या दोन्ही गोष्टी धारकाच्या आहेत. रजिस्ट्रारने सुरक्षेच्या नावाखाली पहिली हिरावू नये आणि सोयीच्या नावाखाली दुसरी सैल करू नये. कुलूप लावणे आणि काढणे हे दोन्ही मालकाच्या इच्छेने व्हावे, त्याला विचारून व्हावे आणि त्याची लेखी नोंद राहावी. जो नियम मालकाला विचारतो, तो चांगला. जो त्याच्या मौनावर चालतो, तो कितीही सद्‌हेतूने केलेला असला तरी कधी ना कधी चोराच्या किंवा सावकाराच्या उपयोगी पडतो. आणि नियम कितीही चांगला झाला, तरी दप्तरात ज्याचे नाव नाही त्याचे रक्षण तो करू शकत नाही. तेवढे काम ज्याचे त्यानेच करायचे आहे.